टिश्यू की फिल्म? आधी सांगाडा बघा, मग रोल उघडा

बाल्सा या हलक्या लाकडाच्या मॉडेल विमानांना कव्हरिंग, म्हणजे सांगाड्यावर चढवायची कातडी, कुठली लावावी असं विचारणारं पत्र आलंय. ते असं आहे:

"नमस्कार. माझ्याकडे बाल्साचे दोन सांगाडे तयार होऊन पडलेत. एक रबरवर उडणारं छोटं, पंख ४५ सेंटिमीटर. दुसरं इलेक्ट्रिक ग्लायडर, पंख १.२ मीटर, जुन्या प्लॅनवरून केलेलं, नुसत्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या पट्ट्या) आणि एक स्पार (पंखभर जाणारी मुख्य दांडी), पुढे शीटिंग (पातळ बाल्साचं आवरण) वगैरे काही नाही. दोन्हीला एकच कव्हरिंग घ्यावं असा विचार आहे. मित्र म्हणतात इस्त्रीने लागणारी फिल्म घे, एका संध्याकाळी काम होतं. काका म्हणतात टिश्यू (पातळ कागद) आणि डोप (त्यावर ब्रशने देतात ते लॅकर) यांच्याशिवाय बाल्सा शोभत नाही. पण मागच्या मॉडेलला टिश्यू लावला तर डोप वाळल्यावर पंख असा पिळला की उडवताच आलं नाही. गिफ्ट पॅकिंगचा टिश्यू किंवा पातळ प्लास्टिकची पिशवी चालेल का? आणि ग्लायडरचे पंख मला काळे हवेत, त्यावर पांढरे नंबर."

नमस्कार. तुमचं पत्र वाचून आधी बरं वाटलं ते यासाठी की सांगाडे तयार आहेत आणि अजून काही चिकटवलेलं नाहीये, कारण बहुतेक लोक कव्हर करून झाल्यावर विचारतात आणि मग सांगण्यासारखं फार काही उरत नाही.

सरळ उत्तर आधी देतो. दोन्हीला एकच मटेरियल घेऊ नका. छोट्याला जपानी टिश्यू, दुसरं काहीही नको. ग्लायडरच्या पंखाला पातळ मायलर (प्लास्टिकची अगदी पातळ फिल्म) आणि त्यावर टिश्यू, फ्युजलाजला (धडाला) हलकी फिल्म, शेपटीला नुसता टिश्यू. आता हे का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की पुढच्या प्रत्येक मॉडेलला तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

कव्हरिंगकडे आपण रंगासारखं बघतो, म्हणजे सांगाडा झाला की त्यावर चढवायची एक शेवटची गोष्ट. पण बाल्साच्या उघड्या रिबच्या पंखात कव्हरिंग हे स्ट्रक्चरचाच भाग असतं. तुमचा ग्लायडरचा पंख आत्ता हातात घ्या आणि दोन टोकांना धरून हलकेच पिळून बघा, तो सहज पिळेल. वाकायला तो बऱ्यापैकी ताठ लागेल कारण स्पार आहे, पण पिळायला अडवणारं आत काहीच नाही. तेच टिश्यू लावून, आकसवून, डोप दिल्यावर पिळून बघा, पंख जवळपास कडक झालेला असतो. हे काम टिश्यू करतो. चारही बाजूंनी चिकटलेला ताणलेला कागद पिळायला विरोध करतो, आणि डोपने त्याचे तंतू एकमेकांत धरून ठेवले की अजूनच. जुने प्लॅन ज्यांनी काढले त्यांनी हे गृहीत धरूनच काढलेत, म्हणूनच त्यात तिरक्या पट्ट्या नाहीत आणि पुढे शीटिंग नाही.

इस्त्रीची फिल्म दिसते गुळगुळीत आणि टणटणीत, टिचकी मारली की आवाज येतो, त्यामुळे वाटतं पंख मजबूत झाला. पण तिच्यामागचा गोंद हा उष्णतेने मऊ होणारा असतो आणि तो थोडा थोडा सरकत राहतो, फिल्म स्वतःही टिश्यूपेक्षा जास्त ताणली जाते, त्यामुळे पिळायला होणारा विरोध टिश्यू-डोपच्या मानाने बराच कमी. म्हणजे तुमच्या या जुन्या प्लॅनच्या पंखाला फक्त फिल्म लावली तर वजन वाढेल आणि वर पंख ढिलाही राहील. वेगात डाइव्ह मारलं की असा पंख फडफडायला लागतो आणि एकदा फ्लटर सुरू झाला की पुढचं सगळं एका सेकंदात होतं. फिल्म वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये. ज्या पंखात पुढचा भाग शीटने बंद केलेला आहे, म्हणजे डी-बॉक्स आहे, किंवा तिरक्या रिब आहेत, तिथे फिल्म उत्तम, कारण तिथे पिळण्याचं काम लाकूड सांभाळतं. मित्र बहुतेक तशीच मॉडेल्स उडवत असतील आणि त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे.

आता वजन. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण पाकिटावर जे ग्रॅम लिहिलेले असतात ते नुसत्या मटेरियलचे, आणि उडतं ते गोंद, डोप, रंग सगळ्यासकट. ढोबळ आकडे असे धरा: हलका जपानी टिश्यू चौरस मीटरला साधारण १२ ग्रॅम. मायलरचं गणित सोपं, जाडीला १.४ ने गुणा, म्हणजे ५ मायक्रॉन असेल तर ७ ग्रॅम, १० मायक्रॉन असेल तर १४. ओरालाइटसारखी हलकी फिल्म ३५ ते ४० च्या दरम्यान. ओराकव्हरसारखी नेहमीची फिल्म ६० च्या आसपास, काही रंगांत त्याहून जास्त. कापडासारख्या पोताच्या फिल्म त्याच्याही वर, त्या मोठ्या स्केल मॉडेलसाठी, तुम्ही त्यांचा विचारच करू नका. टिश्यूवर पातळ डोपचे दोन हात दिले की तयार पृष्ठभाग १७-१८ ग्रॅमवर येतो, पण जाड डोप भरपूर फासला तर कागदाच्या वजनाइतका डोपच होतो आणि मग हलका टिश्यू घेतल्याचा फायदा गेला.

तुमच्या छोट्या मॉडेलचं गणित करून बघू. पंख ४५ सेंटिमीटर, रुंदी ८ धरू, वरची खालची बाजू, शेपूट, फ्युजलाज सगळं मिळून साधारण ०.११ चौरस मीटर होईल. टिश्यू आणि डोप मिळून दोन ग्रॅमच्या आत. तेच नेहमीच्या फिल्मने साडेसहा ग्रॅम. अशा मॉडेलचा नुसता सांगाडाच दहा-बारा ग्रॅमचा असतो, म्हणजे सांगाड्याच्या निम्म्याहून जास्त वजन नुसत्या कातडीचं झालं. रबरच्या मॉडेलमध्ये प्रत्येक ग्रॅम थेट उडण्याच्या वेळेतून कापला जातो, शिवाय फिल्म आकसताना तिची ओढ इतकी असते की दीड-दोन मिलिमीटरच्या काड्या आत वाकतात. म्हणून छोट्याबद्दल मी इतक्या ठामपणे सांगतोय.

ग्लायडरला एकूण पृष्ठभाग ०.६५ चौरस मीटरच्या आसपास येईल (पंखाची रुंदी १८ सेंटिमीटर धरली आहे, तुमची मोजून बघा). नेहमीच्या फिल्मने ४० ग्रॅम, हलक्या फिल्मने २५, मायलर-टिश्यूने १६-१७. चाळीस आणि सोळा यात जो फरक आहे तेवढ्यात थोडी मोठी बॅटरी बसते. पण माझ्या मते वजनापेक्षाही ताठपणा हा इथे मोठा मुद्दा आहे, तो हलक्या फिल्मनेही सुटत नाही.

मायलर-टिश्यू म्हणजे काय ते सांगतो कारण हे ऐकलेलं असतं पण करायला लोक बिचकतात. फ्री फ्लाइटवाले, म्हणजे रिमोटशिवाय मोकळी उडणारी मॉडेल्स करणारे, हे भरपूर करतात. आधी सांगाड्याच्या कडांवर आणि रिबवर पातळ केलेल्या कॉन्टॅक्ट गमचा हलका हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग ५ मायक्रॉनची मायलर वर पसरून इस्त्रीच्या टोकाने कडेकडेने चिकटवायची, आणि मग हळूहळू उष्णता देत ताणून घ्यायची. ही झाली पहिली कातडी. तिच्यावर टिश्यू घालायचा आणि पातळ डोप ब्रशने टिश्यूमधून आत जाऊ द्यायचा, तो कागद मायलरवर बसतो. मायलर फाटू देत नाही आणि टिश्यू पिळू देत नाही, दोघांची कामं वेगळी. उतरताना गवताची काडी घुसली तरी नुसत्या टिश्यूसारखी मोठी चीर जात नाही. दमट हवेत टिश्यू ढिला पडला तरी खालची मायलर ताठ असते, हा अजून एक फायदा. वेळ लागतो हे खरं, एका संध्याकाळी होणार नाही, दोन-तीन दिवस धरा, पण पंख हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो.

हे अगदीच नको असेल तर दुसरा रस्ता आहे. पंखात प्रत्येक दोन रिबच्या मध्ये स्पारपासून ट्रेलिंग एजपर्यंत (पंखाच्या मागच्या कडेपर्यंत) बाल्साची २ मिलिमीटरची तिरकी पट्टी घाला, एकीआड एक उलट्या दिशेने, म्हणजे वरून बघितलं तर डब्ल्यू-डब्ल्यू दिसेल, आणि मग हलकी फिल्म लावा. मऊ हलका बाल्सा वापरलात तर पट्ट्यांचं वजन काही ग्रॅमच होतं. सांगाडा उघडा आहे तोवरच हे शक्य आहे म्हणून आत्ताच ठरवा.

फ्युजलाजला फिल्म का म्हणालो? कारण तो हाताळला जातो, पोटावर उतरतो, बॅटरी घालता-काढताना बोटं लागतात. तिथे पिळण्याचा प्रश्न नाही, चौकोनी खोका आहे, आणि फिल्म पुसता येते. बस्स.

शेपटीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. शेपटीत वाढलेलं वजन हे तेवढंच वजन नसतं. ग्लायडरचं शेपूट सीजीपासून (गुरुत्वमध्यापासून, जिथे मॉडेल तोलतं) समजा ६० सेंटिमीटर मागे आहे आणि नाकात जिथे शिसं घालता येतं ती जागा २५ सेंटिमीटर पुढे, तर मागे वाढलेल्या एका ग्रॅमला पुढे २.४ ग्रॅम घालावे लागतात. स्टॅब (आडवी शेपटी) आणि रडर (उभी शेपटी) मिळून दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग ०.०८ चौरस मीटर असेल तर हलकी फिल्म तीन ग्रॅम आणि टिश्यू दीड ग्रॅमच्या जवळ. दीड ग्रॅमचा फरक, पण नाकासकट तो पाच ग्रॅमच्या पुढे जातो. आणि शेपटीच्या काड्या सपाट आणि बारीक असतात, त्यांना जोरात आकसणारं काहीही लावलं की त्या केळीच्या सालीसारख्या वळतात. म्हणून तिथे आधीच आकसवलेला टिश्यू लावायचा. एक साधी लाकडी चौकट घ्या, तिच्यावर टिश्यूच्या कडा चिकटवा, पाण्याचा बारीक फवारा मारा, वाळू द्या, झालं. त्याचं आकसणं बरंचसं आधीच होऊन गेलेलं असतं, मग चौकटीवरून कापून शेपटीला लावा आणि पाणी न मारता एकच पातळ हात डोपचा. छोट्या मॉडेलला तर सगळीकडे हाच आकसवलेला टिश्यू वापरा असं मी म्हणेन.

आता तुमचा मागचा पिळलेला पंख. टिश्यूला दोष देऊ नका, टिश्यू ओढणारच, ओढण्यासाठीच तर तो लावतो. प्रश्न ओढ दोन्ही बाजूंनी सारखी होती का आणि ती होत असताना पंख सपाट धरलेला होता का हा आहे. बहुतेक वेळा काय होतं की वरच्या बाजूला पाणी मारलं, ती वाळली, मग खालची केली, किंवा पंख टेबलावर नुसता ठेवून दिला, किंवा डोपचा जाड हात एका बाजूला जास्त बसला. पाणी दोन्ही बाजूंना एकामागोमाग मारा, आणि पंख ओलसर असतानाच बिल्डिंग बोर्डवर पिना आणि ठोकळ्यांनी पक्का करा, खाली हवा लागायला बारीक पट्ट्यांचे आधार द्या, रात्रभर हलवू नका. डोपच्या प्रत्येक हातानंतर हेच. टोकाला वॉशआउट हवा असेल, म्हणजे ट्रेलिंग एज जरा वर, तर तो याच वेळी टोकाखाली बारीक पाचर ठेवून मिळतो, डाव्या-उजव्याला सारखी पाचर. पंख अगदी नाजूक असेल तर नुसत्या पाण्याऐवजी पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धंअर्धं मारा, ओढ कमी बसते.

आणि डोप कुठला होता? नेहमीचा आकसणारा डोप वाळल्यावरही थांबत नाही, महिनोन्महिने थोडा थोडा ओढतच राहतो, त्यामुळे आज सरळ असलेला पंख काही महिन्यांनी कपाटातून वाकडा निघतो. यावर उपाय सोपा आहे, ३० मिलिलिटर डोपमध्ये एरंडेल तेलाचे तीन-चार थेंब. तेल डोपचा थर मऊ ठेवतं, ओढ मर्यादेत राहते. थिनर निम्म्याला निम्मं घाला, पहिला हात असा की कागद फक्त ओला दिसावा. नायट्रेट डोप चिकटायला चांगला, ब्युटिरेट हा ग्लो इंजिनांचं इंधन सोसतो म्हणून इंजिनवाल्यांना लागतो, तुम्हाला इलेक्ट्रिक आणि रबर दोन्हीत नायट्रेट पुरे. मात्र नायट्रेट डोप भयंकर पेटतो आणि त्याचा वास डोक्यात जातो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत किंवा गरम इस्त्री नको, मास्क घाला तोही सॉल्व्हंटच्या वाफा अडवणारा, साधा कापडी नाही. घरात लहान मुलं असतील किंवा वास सहन होत नसेल तर पाण्यात विरघळणारे डोप मिळतात, एझी-डोपसारखे, तेही छोट्या मॉडेलला चांगले चालतात, फक्त पातळ करून द्या. आणि पावसाळी दमट दिवशी डोप करू नका, थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि सगळीकडे पांढरट धुकं येतं.

टिश्यू लावताना ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, बघा. कोपऱ्यातून फाडून बघितला तर एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, सरळ फाटतो ती ग्रेनची दिशा. ती पंखात टोकाकडून टोकाकडे आणि फ्युजलाजमध्ये नाकाकडून शेपटीकडे ठेवा. कागद ग्रेनच्या आडवा जास्त आकसतो, तेव्हा असं लावलं की जास्तीची ओढ रिबच्या लांबीवर येते, जी ओढ रिब सहज सोसते, आणि दोन रिबच्या मधला कागद खाली कमी बसतो. चकचकीत बाजू बाहेर. कव्हर करताना खालची बाजू आधी, आणि पंखाचा खालचा भाग आत वळलेला असेल तर प्रत्येक रिबला गम लावा, नाहीतर आकसताना कागद रिब सोडून सरळ होईल आणि तुम्ही मन लावून काढलेला एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) गेला. चिकटवायला साधी ग्लू स्टिक किंवा पाणी घातलेला पांढरा गम छान चालतो. गोल टोकांना एकच मोठा तुकडा ओढूनताणून बसवू नका, दोन-तीन छोटे तुकडे जोडा, जोड दिसतही नाही.

त्याआधी सांगाडा ३२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या आणि सगळी धूळ ओढून काढा. वाळलेल्या गमचा एक थेंबही टिश्यूखाली गाठ होऊन दिसतो, फिल्मखाली तर त्याहून जास्त.

फिल्मच्या इस्त्रीबद्दल थोडंसं. प्रत्येक कंपनीचं तापमान वेगळं असतं, सोबतच्या कागदावर असतं ते वाचा. तत्त्व हे की आधी कमी तापमानाला कडा चिकटवायच्या आणि सगळ्या कडा पक्क्या झाल्या की तापमान वाढवून मधला भाग आकसवायचा. सुरुवातीलाच गरम लावली तर फिल्म आकसून कडा सुटतात. फ्युजलाज करताना हीट गन एका जागी धरू नका.

गिफ्ट पॅकिंगच्या टिश्यूचं सांगतो: पाणी लागलं की तो लगद्यासारखा होतो, रंग सोडतो, आकसण्याचा भरवसा नाही. मॉडेलसाठीच्या टिश्यूत लांब तंतू असतात आणि ओला असतानाही तो धरून राहतो, तिथेच खरा फरक आहे. सरावासाठी वापरा, उडणाऱ्या मॉडेलला नको. पिशवीचं पातळ प्लास्टिक आकसत नाही, गम धरत नाही, ताठपणा काहीच देत नाही. घरातल्या हॉलमध्ये हळूहळू तरंगणाऱ्या अगदी हलक्या मॉडेल्सना तसं प्लास्टिक चालतं, कारण तिथे फक्त हवा अडवली तरी पुरतं, पण तुमची दोन्ही बाहेर उडणारी आहेत. लॅमिनेशनचा रोल लावा असंही कोणीतरी सुचवेल, ती ३८ मायक्रॉनची फिल्म मजबूत असते आणि चांगली चिकटते पण हलकी नाही, शिवाय खूप जोरात आकसते, तुमच्या सांगाड्यांना नको.

काहीही विकत घेतलंत तरी आधी तोला. ५० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा काट्यावर ठेवा आणि वजनाला चारने गुणा, चौरस मीटरचे ग्रॅम मिळतील. आणि उरलेल्या काड्यांची हाताएवढी चौकट करून तिच्यावर पूर्ण प्रक्रिया करून बघा, चिकटवणं, आकसवणं, डोप. आधी-नंतरचं वजन आणि किती पिळली ते दोन्ही कळतं, आणि चौकट बिघडली तर हळहळ नाही.

राहिले काळे पंख. उन्हात काळा पृष्ठभाग खूप तापतो आणि फिल्म असेल तर त्याच तापाने सुरकुत्या येतात, गोंद सरकतो. त्यापेक्षा मोठा त्रास असा की ग्लायडर उंच गेल्यावर काळी आकृती कुठल्या बाजूला वळतेय ते पटकन कळत नाही, वर-खाली दोन्हीकडून सारखीच दिसते. खालून गडद आणि वरून फिकट असं करा, म्हणजे बँक घेतला (एका बाजूला कलून वळलं) की लगेच दिसतं. रंग फवारू नका, त्याचं वजन नको. टिश्यू रंगीत मिळतो तोच घ्या: वर पांढरा किंवा पिवळा, खाली गडद निळा. मायलर खाली असल्याने प्रकाश आरपार येतो आणि रिबच्या सावल्या दिसतात, मला स्वतःला ते फार आवडतं. नंबर हवेतच तर गडद टिश्यूतून अक्षरं कापून पांढऱ्या बाजूवर पातळ थिनरने बसवा, पांढऱ्यावर गडद करा, गडदावर पांढरं नको कारण पांढऱ्या टिश्यूतून खालचा रंग दिसतो. शेवटच्या हाताच्या आधी बसवलेत तर कडा उचकटणार नाहीत.